उभ्याने खाल्लेलं कुणी मोजत नाही : वजन न हलण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

"मॅडम, मी काही खातच नाही हो. तरी हे असं." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्या हे बोलून गेल्या.

ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत, म्हणून इथे त्या फक्त 'ताई'. वय ४४, उंची १६० सेंटिमीटर, पहिल्या भेटीतलं वजन ७८.४ किलो. बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ३०.६, म्हणजे लठ्ठपणाची ३० ची जागतिक रेषा नुकतीच ओलांडलेली. काम हिशेबाचं, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. घरी नवरा आणि दोन मुलं, संध्याकाळचा स्वयंपाक ताईंकडे. दारू नाही, धूम्रपान नाही, वजन वाढवेल असं कुठलं औषध चालू नाही.

आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येण्याआधी पाच महिने त्यांनी स्वतःच्या मनाने प्रयत्न केले होते. सकाळचा नाश्ता बंद. रात्रीचं जेवण निम्मं. आठवड्यातून पाच दिवस पहाटे तासभर चालणं, तेही न चुकता. पहिल्या तीन आठवड्यांत अडीच किलो उतरलं. ताई हरखल्या, मग काटा थांबला आणि हळूहळू परत वर सरकायला लागला.

सुरुवातीचे अडीच किलो आणि नंतरचा शुकशुकाट यात गूढ काही नाही. खाणं एकदम कमी केलं की शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, वापरतं. त्याच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही निघून जातं. काट्यावर दिसलेल्या त्या घटीत चरबी थोडी आणि पाणी बरंच होतं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे "आधी उतरत होतं, मग शरीरानंच दगा दिला" अशी त्यांची समजूत झाली होती.

अडचण

ताईंच्या मते अडचण थायरॉइडची होती. ही शंका मी उडवून लावत नाही. थायरॉइड मंद असेल तर थोडंफार वजन वाढतं, थकवा येतो, आणि तपासणी एका रक्तचाचणीची आहे. डॉक्टरांकडून टीएसएच (थायरॉइडची चाचणी), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा अंदाज देणारी चाचणी) आणि हिमोग्लोबिन करून घेतलं. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन ठीक. एचबीए१सी मात्र ५.९ आलं. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या अलीकडचा पट्टा, ताई त्यात होत्या.

अहवाल चांगला आला म्हणून कुणी नाराज झालेलं पाहिलं नसेल तर अशा भेटीत पाहावं. "म्हणजे दोष माझाच," ताई म्हणाल्या.

इथे समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरून चालणं फार सोपं असतं. १९९२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला इथे नेहमी आठवतो. दिवसाला १२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लोकांचं खाणं आणि ऊर्जेचा खर्च त्यात प्रत्यक्ष मोजला होता. त्यांचा चयापचय व्यवस्थित होता. खाणं मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ही माणसं लबाड नव्हती. जे खाणं 'खाणं' म्हणून डोक्यात नोंदलंच जात नाही, ते सांगणार कुठून?

पहिली चूक, माझी

हे सगळं माहीत असूनही पहिल्या भेटीत मी काय केलं? १२०० कॅलरींचा छापील डाएट चार्ट हातात ठेवला.

कारण साधं होतं. बाहेर तीन जण थांबले होते, ताईंना काहीतरी 'ठोस' हवं होतं आणि चार्ट द्यायला दोन मिनिटं पुरतात. ताईंनी तो अकरा दिवस शब्दशः पाळला. काटा ७७.१ वर आला. बाराव्या दिवशी घरात पाहुणे, त्या दिवशी चार्ट मोडला. एकदा मोडलाच आहे तर आता सोमवारपासून बघू, असं म्हणत तो सोमवार पाच आठवडे आलाच नाही. त्या पुन्हा आल्या तेव्हा वजन ७८.९ होतं, सुरुवातीपेक्षा अर्धा किलो जास्त.

चार्ट वाईट नव्हता. पण ताईंच्या दिवसात नेमकं काय चाललंय ते मला ठाऊक नव्हतं. त्या पाच आठवड्यांत ताईंच्या आधीच्या अपयशांत मी आणखी एकाची भर घातली.

वहीत काय सापडलं

दुसऱ्या खेपेला मी काहीही बदलायला सांगितलं नाही. दहा दिवस फक्त लिहायचं. नियम दोनच: तोंडात जाण्याआधी लिहायचं, आणि भूक किती होती तो आकडा शून्य ते दहांत टाकायचा. ताईंनी स्वतःहून एक रकाना वाढवला, 'बसून की उभ्याने'. हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला रकाने पाडायला शिकवावं लागत नाही. या प्रकरणातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट त्या रकान्यातून निघाली, आणि ती माझी कल्पना नव्हती.

दहा दिवसांत खाण्याच्या पाच नोंदींमागे जवळपास दोन उभ्याने खाल्लेल्या. बहुतेक संध्याकाळी सात ते आठ या वेळातल्या, स्वयंपाकघरातल्या, आणि भुकेचा आकडा आठ किंवा नऊ. रस्सा चाखला, पुन्हा चाखला. धाकट्याने ताटात टाकलेलं तोंडात टाकलं, कारण अन्न वाया घालवायचं नाही. डबा उघडलाच होता म्हणून एक बिस्किट. येता-जाता चरणं आपण सगळेच करतो, पण सकाळपासून जवळजवळ उपाशी असलेल्या माणसाचं चरणं वेगळं असतं.

वहीतल्या नोंदींचा मी अंदाजे हिशेब मांडला. अंदाजे म्हणते, कारण वाटी आणि चमच्यांवरून काढलेल्या कॅलरी शंभर इकडे-तिकडे होणारच. ज्याला ताई 'जेवण' म्हणत होत्या ते कामाच्या दिवशी १३४० कॅलरींच्या आसपास भरलं. ज्याला काहीच नाव नव्हतं, ते ४५० च्या आसपास:

तीन कप चहातली साखर, कपाला दोन चमचे, म्हणजे सुमारे ९५. चाखणं ७०. मुलांच्या ताटातलं ११०. आणि संध्याकाळी पाच वाजता ऑफिसात मूठभर सुकामेवा, ३० ग्रॅम धरला तर १७५.

त्यावर शनिवार-रविवार. त्या दोन दिवसांत प्रत्येकी २४५० पर्यंत. पाच दिवस पोटाला चिमटा काढायचा आणि दोन दिवस आडवा हात मारायचा, हे चक्र ताईंना स्वतःला दिसत नव्हतं. त्यांच्या मनात 'मी' म्हणजे सोमवार ते शुक्रवारची मी. सगळा आठवडा एकत्र केला तर दिवसाची सरासरी १९८० निघाली.

आता खर्चाची बाजू. वय, उंची, वजन घालून मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने त्यांचा विश्रांतीतला खर्च १४०० कॅलरी येतो. बैठ्या कामाला आणि थोड्या चालण्याला धरून दिवसाचा १९५० ते २०००. जमा आणि खर्च इतके चपखल जुळले की ताईच हसल्या. "ताळेबंद बरोबर आहे की," म्हणाल्या. शरीराने दगा वगैरे दिलेला नव्हता.

तेलाचं प्रकरण वेगळंच. वहीत प्रत्येक भाजीपुढे 'दोन चमचे तेल' होतं. मी त्यांना चमचा विसरायला सांगितलं आणि बाटलीवर, ती उघडल्याची तारीख लिहायला. एक लिटरची बाटली चौघांच्या घरात आठ दिवसांत संपली. एक लिटर तेलाचं वजन सुमारे ९२० ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी. भागाकार केला की माणशी रोजच्या २६० कॅलरी निव्वळ तेलाच्या. (वरचे १३४० हे बाटलीचा हिशेब धरून आहेत, नुसत्या वहीवर विसंबले असते तर ते बरेच कमी दिसले असते.) स्वयंपाकातलं तेल हाताला जितकं वाटतं त्यापेक्षा कायम जास्त पडतं. बाटलीवरची तारीख ही चमच्यापेक्षा खरी साक्षीदार आहे.

चालण्याचं कोडं

मला स्वतःला चकवलं ते व्यायामाने. तासभर, साडेचार किलोमीटर, आठवड्याचे पाच दिवस, याचा काहीच परिणाम नाही?

ताईंच्या हातातलं घड्याळ त्या तासाचे ३४० कॅलरी दाखवायचं. सपाट रस्त्यावर चालताना किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण अर्धी कॅलरी जादा खर्च होते. जादा म्हणजे बसून राहिलो असतो तर जेवढी लागली असती त्यावरची. ताईंच्या वजनाला आणि अंतराला हा हिशेब १७५ च्या आसपास येतो. घड्याळाच्या जवळपास निम्मा.

आणि १७५ हा आकडा आधी येऊन गेला आहे. संध्याकाळच्या मूठभर सुकामेव्याचा. मी विचारलं, हा कधीपासून खाता? ताई थोडा वेळ गप्प. "चालायला लागले त्याच महिन्यापासून. व्यायाम करायचा तर ताकद नको का?" सुकामेवा चांगलाच पदार्थ आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण पहाटे घाम गाळून केलेला खर्च पाच वाजता मुठीतून परत जमा होत होता.

दुसरी गोष्ट फोनमध्ये होती. पावलांची जुनी नोंद फोन आपोआप ठेवतो, हे ताईंना ठाऊक नव्हतं. बरेच महिने मागे गेलो. चालायला जायला लागण्याआधी त्यांची दिवसाची सरासरी ६८०० पावलं होती. चालायला जाणाऱ्या दिवसांची सरासरी ८१००. आता, तासाभराच्या त्या चालण्यातच सहा-साडेसहा हजार पावलं होतात. मग बेरीज तेरा हजारांच्या आसपास यायला हवी होती. पाच हजार पावलं दिवसातून कुठेतरी गळाली होती.

ती शोधायला फार वेळ लागला नाही. पूर्वी ताई बसथांब्यापर्यंत चालत जायच्या. आता नवरा स्कूटरवर सोडायचा, कारण पहाटे उठून दमायला होतं. ऑफिस चौथ्या मजल्यावर. पूर्वी जिना, आता लिफ्ट. संध्याकाळी काही आणायचं असेल तर मोठ्या मुलाला पाठवायचं. "सकाळीच एवढं चालले ना," हे वाक्य दिवसभर त्यांच्या बाजूने वकिली करत होतं.

ठरवून केलेला व्यायाम सोडून जी हालचाल होते, म्हणजे उठणं, वाकणं, जिने, घरातली ये-जा, ती दोन सारख्या बांध्याच्या माणसांत दिवसाला शेकडो कॅलरींचा फरक पाडू शकते. व्यायाम वाढला की ती नकळत आटते, असं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. ताईंचं वैशिष्ट्य इतकंच की त्यांच्या फोनमध्ये पुरावा होता.

(दहा हजार पावलांच्या उद्दिष्टाबद्दल ताईंनी विचारलं, म्हणून जाता जाता: हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. चांगला गोल आकडा आहे, पण कुठल्या प्रयोगशाळेतून निघालेला नाही.)

समोर असलेले पर्याय

ताईंना हवा होता तो पर्याय: संध्याकाळी आणखी पाऊण तास व्यायाम. मी नको म्हटलं. सकाळच्या एका तासाने दिवसातली पाच हजार पावलं खाल्ली होती. दुसरा तास काय खाईल याची मला धास्ती होती. शिवाय तो वेळ झोपेतून जाणार होता.

दुसरा, पुन्हा १२०० कॅलरी. एकदा करून झालं होतं.

तिसरा, ठरावीक आठ तासांतच खायचं. यावर मी बराच विचार केला, कारण काही जणांना ते झेपतं. ज्यांचं रात्री उशिरा चरणं हाच मुख्य घोटाळा असतो, त्यांना तर छान लागू पडतं. पण ताई नाश्ता सोडून जवळपास तेच करत होत्या आणि संध्याकाळी सातला त्यांची भूक नऊवर पोचत होती. त्यांच्या बाबतीत उपाशी सकाळ हेच संध्याकाळच्या चरण्याचं मूळ होतं.

चौथा, वजन कमी करणारी औषधं. ताईंनी जरा ओशाळूनच विचारलं. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. बॉडी मास इंडेक्स ३० च्या वर असेल तर डॉक्टर त्यांचा विचार करतात. निर्णय माझ्या अखत्यारीतला नव्हता, म्हणून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. दोघांनी मिळून ठरवलं की सहा महिने सवयींवर काम करून बघावं, एचबीए१सी पुन्हा तपासावं आणि तो दरवाजा उघडा ठेवावा.

मग उरलं ते कंटाळवाणं काम: वहीत सापडलेली तीन-चार गळती बुजवायची. दिवसाला ३०० कॅलरींची तूट धरली. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, म्हणजे आठवड्याला पाव किलोच्या थोडं वर. हे ऐकून ताईंचा चेहरा पडला. "इतकंच?"

मी त्यांना दुसरा आकडा दाखवला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत उद्दिष्ट होतं ७ टक्के वजन घटवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचालीचं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७८.९ किलोचे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. पंचवीस नव्हे. त्यावर ताई तयार झाल्या, नाखुशीनेच.

काय केलं

पहिली दुरुस्ती: नाश्ता परत आला. दोन अंडी, वाटीभर दही, एक फळ. तीनशेच्या आसपास कॅलरी आणि १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. वजन उतरवायचं आणि खाणं वाढवायचं, हे पचायला ताईंना आठवडा लागला. दहाव्या दिवशी संध्याकाळच्या भुकेचा आकडा नऊवरून सहावर आला होता.

दुसरी: उभ्याने खायचं नाही. काय खायचं नाही याची यादी मी दिलीच नाही. बिस्किट हवं असेल तर घ्या, बशीत ठेवा, बसा, खा. बशी काढून बसण्याइतकं ते हवं असतं का, हे ज्याचं त्याला कळतं. मुलांच्या ताटातलं उरलेलं झाकणाच्या एका डब्यात जायला लागलं. ते दुसऱ्या दिवशी कुणी खाईल किंवा खाणार नाही. पण ते ताईंच्या तोंडात गेलं म्हणजे वाया गेलं नाही, हा हिशेब त्यांनी सोडून दिला. चाखायचं ते एकदाच, मीठ घातल्यावर.

तिसरी: तेलाची बाटली तेरा दिवस पुरवायची. कशी, ते मी सांगितलं नाही. त्यांनी ओतायच्या बाटलीऐवजी चमचा वापरायला सुरुवात केली आणि तळणीचे दिवस कमी केले. बाटली बारा दिवसांवर आली, मग तेरावर.

चौथी: चालण्याची वाटणी. पहाटे तासाऐवजी पस्तीस मिनिटं, दुपारच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं, जिना परत चालू, बसथांबा परत पायी. जेवणानंतरच्या थोड्याशा चालण्याने रक्तातल्या साखरेची उसळी कमी होते, आणि ताईंचं एचबीए१सी पाहता ते हवंच होतं. पहाटेची पंचवीस मिनिटं झोपेला परत मिळाली.

साखरेचं मात्र फसलं. चहा एकदम बिनसाखरेचा करायचं ठरवलं, चौथ्या दिवशी ताईंनी माघार घेतली. मग दर दोन आठवड्यांनी पाव चमचा कमी. दोन चमच्यांचा एक व्हायला दोन महिने लागले. त्याखाली त्या गेल्या नाहीत, मीही रेटलं नाही.

शनिवार-रविवारसाठी ठरलं की दोन दिवसांतलं एक जेवण मोकळं, बाकी नेहमीसारखं. हे कधी पाळलं गेलं, कधी नाही. पण पाच दिवसांची उपासमार संपल्यावर शनिवारचा तो अधाशीपणाही बराच ओसरला. दिवसाला २४५० चं २१०० च्या आसपास आलं.

वजन रोज सकाळी, एकाच काट्यावर, पण बघायची ती सात दिवसांची सरासरी. मीठ, पाणी, पोटातलं अन्न, पाळीचे दिवस यांमुळे एका दिवसात किलो-दीड किलो सहज वर-खाली होतं. पाळी चालू असलेल्या बायकांनी या महिन्यातला आठवडा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून पाहावा. सोमवारच्या काट्यावरून मंगळवारचं जेवण ठरवणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत.

काटा थांबला तेव्हा

नवव्या आठवड्यात ७६.२. दहाव्यात ७६.३. अकराव्यात ७६.१. ताईंचा फोन आला, आवाजात पहिल्या भेटीतली तीच तक्रार. रात्रीचं जेवण बंद करू का?

या वेळी घाई केली नाही. वही पुन्हा पाच दिवस. खाण्यात फारसा फरक नव्हता. मग मी तो प्रश्न विचारला जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता: झोप किती? हिशेब बंद करायचे दिवस होते, ताई महिनाभर पाच तासांवर होत्या.

झोपेचा आणि चरबीचा संबंध २०१० सालच्या एका छोट्या पण नेटक्या प्रयोगात छान दिसतो. दहा माणसं, तेवढंच कमी खाणं, एकदा साडेआठ तास झोपेची संधी आणि एकदा साडेपाच, प्रत्येकी दोन आठवडे. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं. पण कमी झोपेत उतरलेल्या वजनातला चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी घटला, बाकीचं स्नायूंसारख्या ऊतींतून गेलं. प्रयोगातल्या लोकांचं खाणं बांधलेलं होतं. बाहेरच्या जगात झोपेला चुकलेला माणूस खातोही जास्त.

पर्याय दोन होते. खाणं आणखी कापायचं, किंवा खाण्याला हात न लावता झोप सावरायची आणि थांबायचं. दुसरा निवडला. तीन आठवडे काट्याकडे बघून काही ठरवायचं नाही, असं ठरलं. त्याच काळात आठवड्यातून दोनदा पंचवीस मिनिटं ताकदीचा व्यायाम सुरू केला: खुर्चीतून उठबस, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचालीसोबत दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आहेच. लोक पहिला अर्धा वाचतात. नव्या व्यायामाने स्नायू काही दिवस पाणी धरतात आणि काटा उलट थोडा चढतो, हे ताईंना आधीच सांगून ठेवलं. चढलाच, चारशे ग्रॅम. फोन आला नाही.

परिणाम

सोळाव्या आठवड्यात सरासरी ७४.९. सव्विसाव्यात ७३.३. एकूण ५.६ किलो, ७ टक्क्यांच्या नखभर वर. एचबीए१सी ५.९ वरून ५.६. पोटाचा घेर अकराव्या आठवड्यात ९४ सेंटिमीटर होता तो ९० वर आला. फोनमधली पावलांची सरासरी १०,४०० च्या आसपास स्थिरावली, आणि गंमत म्हणजे पहाटेचं चालणं पूर्वीपेक्षा कमी होतं.

बॉडी मास इंडेक्स २८.६ झाला. ताईंना जुने कपडे होतील अशी आशा होती, त्यातले थोडेच झाले. औषधाचा विषय डॉक्टरांनी तूर्त बाजूला ठेवला.

पुन्हा करायचं झालं तर

चार्ट पहिल्या दिवशी देणार नाही. हे लिहिताना सोपं वाटतं, पण बाहेर तीन माणसं बसलेली असतात तेव्हा नसतं. आता मी पहिल्या भेटीत फक्त वही देते आणि दुसरी भेट दहा दिवसांनीच ठरवते. काही जण नाराज होऊन परत येत नाहीत. ते मी मान्य केलं आहे.

पोटाचा घेर सुरुवातीलाच मोजणार. अकराव्या आठवड्यात टेप हातात घेतली तेव्हा काटा थांबलेला असताना घेर कमी होत होता की नाही, हे सांगायला माझ्याकडे आधीचा आकडाच नव्हता. त्या एका आकड्याने ताईंची चिंता तिथल्या तिथे मिटली असती, किंवा खरी ठरली असती. दोन मिनिटांचं काम होतं.

झोपेचा प्रश्नही पहिल्याच पानावर यायला हवा होता, आणि ताकदीचा व्यायाम पहिल्या महिन्यात. तो मी पुढे ढकलला कारण एकदम फार बदल नकोत असं वाटलं. चाळिशीच्या पुढच्या बाईचं वजन उतरताना स्नायूही जातात. दोन महिने ते जाऊ दिले असं मला आता वाटतं.

नवऱ्याला एकदाही बोलावलं नाही, ही आणखी एक राहिलेली गोष्ट. स्कूटर त्यांची होती, शनिवारचा बेत त्यांचा असायचा, तेल चौघांच्या पोटात जात होतं. ताई घरी सगळं एकटीने समजावत राहिल्या. एक भेट दोघांना मिळून दिली असती तर शनिवार-रविवार कदाचित इतका अर्धवट सुटला नसता.

घड्याळातले कॅलरींचे आकडे बंद करायला सांगितले ते मात्र योग्यच झालं. त्या ३४० च्या भरवशावर बरंच काही खाल्लं जात होतं.

वर्षभराने ताई भेटल्या तेव्हा वजन ७४.१ होतं, सव्विसाव्या आठवड्यापेक्षा आठशे ग्रॅम जास्त. वही रोज लिहिणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. मात्र सरासरी ७५ च्या वर गेली की तीन दिवस एकच रकाना भरायचा, 'उभ्याने', असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. वर्षभरात ही वेळ दोनदा आली. दुसऱ्या खेपेचं पान त्यांनी मला दाखवलं: तीन दिवसांत सात नोंदी, त्यांतल्या पाच संध्याकाळी सात ते आठच्या मधल्या, आणि खाली पेन्सिलीने, "नाश्ता चुकला तेच दिवस."